मूल होण्याचा खर्च कोणी सोसावा?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून देशातील शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. हे घडले महानगरपालिकेच्या रुग्णालयात! पुढे मात्र हा उपचार बहुतांशी खाजगी दवाखान्यांत गेला. आज एका खेपेला लाखाच्या वर खर्च सहज जातो आणि यशाची खात्री नसते ती नसतेच.

मग विमा कशासाठी असतो? आमच्या घरात विमा म्हणजे पीकविमा. आरोग्यविम्याची पॉलिसी मी प्रथम वाचली ती कॉलेजात आल्यावर. तिच्यात वगळलेल्या बाबींच्या यादीत सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व होते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली या यादीची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली. गंमत अशी, की संततिनियमन आणि टेस्ट ट्यूब उपचार एकाच कलमात बसविले आहेत. मूल नको म्हणणारा आणि मूल हवे म्हणणारा, दोघेही बाहेर! ही बाब वगळलीच पाहिजे अशी सक्ती कंपन्यांवर नाही. काही नव्या पॉलिसींत मुदतीनंतर थोडे संरक्षण मिळते.

कंपन्यांची अडचण खोटी नाही. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांनीच विमा उतरविला तर हप्ता कोणालाच परवडणार नाही. म्हणून तर कर्जदार शेतकऱ्यांना २०२० पर्यंत पीकविमा सक्तीचा होता. येथेही तसेच आहे. गरज असणारेच पॉलिसी घेतील, ही भीती सर्वांना एका छत्राखाली आणल्याशिवाय जात नाही आणि ते काम शासनच करू शकते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८७ साली असा कायदा केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की जेथे विम्याची पूर्ण सक्ती आहे तेथे एका वेळी कमी गर्भ सोडले जातात आणि तिळ्यांचे प्रमाणही कमी असते. हे पटण्यासारखे आहे. पुन्हा पैसे उभे करण्याची धास्ती नसली, की माणूस एकाच डावात सर्व काही लावीत नाही.

आपल्याकडे २०२१ च्या दोन कायद्यांनी स्त्रीबीज देणारीसाठी १२ महिन्यांचा व सरोगेट मातेसाठी ३६ महिन्यांचा विमा बंधनकारक केला. हे योग्यच झाले. पण जिच्यासाठी हा सारा खटाटोप, तिच्या उपचाराच्या खर्चाविषयी तेथे तरतूद नाही. 'आयुष्मान भारत'मध्येही हा उपचार बसत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र २०११ च्या आदेशाने दर खेपेस ६५,००० रुपयांपर्यंत, तीन खेपांची भरपाई मान्य झाली. शेतमजुराने काय करावे?

आमच्या आळीतील एका वहिनींसाठी एक एकर जमीन गहाण पडली. बोलणी खावी लागली ती त्यांनाच. भाऊंची तपासणी सर्वांत शेवटी झाली आणि दोष त्यांच्यात निघाला. ती साधी तपासणी आधी झाली असती तर निम्मा पैसा वाचला असता. म्हणून मला वाटते, की शासनाने प्रथम दोघांची तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत करावी व नंतर उपचाराकडे वळावे. गोव्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली हा उपचार मोफत सुरू झाला, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. वयाची व खेपांची मर्यादा घालावी लागेलच. त्यासाठी केंद्राचा तीन खेपांचा नियम हाताशी आहे.