खामकाठची पाणचक्की

मलिक अंबराच्या खडकीपासून आलमगीर औरंगजेबाच्या मुक्कामापर्यंतचा औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, इतिहास शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असल्याने त्याची उजळणी न करता महमूद दरवाजालगत खाम नदीच्या काठी उभ्या असलेल्या पाणचक्कीकडे थेट वळलेले बरे. बुखाऱ्याकडून दख्खनेत आलेले सूफी सत्पुरुष बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही योजना सिद्ध झाली. निजामाच्या पदरचे सरदार तुर्कताज खान यांनी तिच्या खर्चाचा भार उचलला, असे सांगतात. फकीर, यात्रेकरू आणि वाटसरू यांच्या अन्नछत्राला पीठ पुरवावे, एवढाच तिचा साधा हेतू होता.

कित्येक मैलांवरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी भूमिगत मातीच्या नळांतून उताराउताराने येथवर आणून, ते एका उंच भिंतीत चढवून मग वरून सोडले आहे, आणि पंपाचे वा इंधनाचे नावही नसताना केवळ उंचीच्या हिशेबावर हा सारा कारभार चालतो. चक्कीच्या जोत्याखाली उतरून पाहिले की, पाण्याची धार आडव्या बसवलेल्या चक्राच्या पात्यांवर आदळते, चक्राचा उभा कणा खालच्या तळीतून वर येतो व वरची तळी फिरवतो, एवढी सुटसुटीत रचना दिसते. दातेरी चाकांची भानगडच नाही. तेथल्या वयोवृद्ध सेवेकऱ्याचे बोलणे मात्र पाण्यापेक्षा दगडाभोवतीच अधिक फिरत होते. तळी गुळगुळीत झाली की धान्य दळले न जाता नुसते भरडले जाते, म्हणून पाथरवटाकडून तिला टाकी लावून घ्यावी लागते, हे तो हाताने हवेत घाव घालून दाखवीत होता.

समोरचा कारंजांचा विस्तीर्ण हौद प्रेक्षणीय खराच, पण त्याचा तळ हेच ज्याचे छत, ते भक्कम खांबांवर तोललेले खालचे थंडगार दालन मला अधिक कौशल्याचे वाटले. प्रेक्षक बहुधा कारंजांपुढे छायाचित्रे काढून परततात. चक्कीच्या खोलीत डोकावण्याची तसदी थोडेच घेतात.

आज ही तळी फिरते ती धान्याविना, पाहुण्यांच्या कौतुकापुरती. पलीकडे वाहणाऱ्या खामेला तर शहराने सांडपाण्याचा नाला करून टाकले आहे आणि काठावर उभे राहताना नाकाला रुमाल लावावा लागतो. नदीच्या साफसफाईचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत. त्यांच्या जोडीने जुन्या नळांच्या मार्गावरील बांधकामांचाही बंदोबस्त व्हायला हवा, कारण तो मार्ग तुटला तर चक्कीची कितीही डागडुजी केली तरी ती फिरणार नाही.