ओढा की नाला? एकाच पाण्याची दोन नावं आणि त्यामुळे पडणारा फरक

पुण्यात जोराचा पाऊस झाला की बातम्यांमध्ये एक नाव हमखास येतं, आंबिल ओढा. पुण्याबाहेरच्या अनेकांना, आणि खरं तर पुण्यातल्याही नव्या पिढीला, प्रश्न पडतो की ओढा म्हणजे नेमकं काय? गटार, नाला की नदी?

ओढा म्हणजे लहान नैसर्गिक प्रवाह. डोंगरउतारावरचं पाणी एकत्र येऊन वाहतं आणि पुढे नदीला मिळतं, तो ओढा. बरेचसे ओढे पावसाळ्यात वाहतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. पण कोरडा पडला म्हणून ओढा संपत नाही, त्याची वाट तशीच राहते. गावाकडे 'ओढ्याला पाणी आलं' असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ पाणी दिसू लागलं एवढाच नसतो. पलीकडे जायचा रस्ता बंद झाला, हेही त्यात आलं.

'लोकांचा ओढा शहरांकडे आहे' यातला ओढा मात्र वेगळा. तिथे अर्थ कल किंवा आकर्षण. शब्द दोन्हीकडे पुल्लिंगी आणि चालतोही सारखाच, त्यामुळे अर्थ वाक्यावरूनच कळतो.

प्रदेश बदलला की शब्दही बदलतो. कोकणात वहाळ किंवा पऱ्ह्या, मालवणीत आणि गोव्यात व्हाळ. ओहोळ हा त्याहून बारीक प्रवाह. विदर्भात नैसर्गिक प्रवाहालाही सर्रास नालाच म्हणतात. सरकारी कागदांतही 'नाला खोलीकरण' असतं, ते गटाराचं नव्हे, शिवारातल्या प्रवाहाचं. म्हणजे नाला हा शब्द मुळात वाईट नाही. शहरात तो सांडपाण्याला चिकटला आणि तिथे घोळ झाला.

कारण ओढ्याला नाला म्हटलं की तो लोकांच्या डोक्यात गटार होतो. मग त्यात कचरा टाकायला, भिंत घालून तो अरुंद करायला, वरून स्लॅब टाकायला कुणाला फारसं काही वाटत नाही. मुंबईची मिठी हे याचं मोठं उदाहरण. ती नदी आहे हेच अनेक मुंबईकर विसरले होते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि 'नदी' हा शब्द पुन्हा ऐकू येऊ लागला.

आंबिल ओढ्याची गोष्ट तर पेशवाईपासूनची. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा शहरातला प्रवाह वळवण्यात आला. कात्रजचा तलावही त्याच काळातला. पुढे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना शहर दाटत गेलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री काही तासांच्या पावसाने त्याला पूर आला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या रात्रीच्या पावसाने पुणे आणि परिसरात वीसहून अधिक जणांचा जीव घेतला. ओढ्याला एवढा पूर येतो का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. येतो. शहरात माती कमी आणि काँक्रीट जास्त असल्याने पाणी मुरत नाही, सगळं एकदम ओढ्यात उतरतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 मध्ये नद्या, ओढे, नाले, तलाव यांची नावं घेऊन सांगितलंय की, कुणाची कायदेशीर मालकी सिद्ध होत नसेल तर ती मालमत्ता राज्य सरकारची. तिथे ओढा आणि नाला हे दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे 'हा ओढा नाही, साधा नाला आहे' या बचावाला तसा अर्थ उरत नाही.

घर घेताना किंवा भाड्याने बघताना जवळून 'नाला' जात असेल, तर तो कुठून येतो आणि कुठे जाऊन मिळतो, हे आसपासच्या जुन्या रहिवाशांना जरूर विचारा. बऱ्याचदा त्यांना त्याचं खरं नाव माहीत असतं.