पांढऱ्या पक्ष्याचा रंग मोजायचाय? मग कॅमेऱ्याला आधी नीट ओळखा

गायबगळा तुम्ही नक्की पाहिला असेल. चरणाऱ्या गुरांच्या मागे मागे फिरणारा, ट्रॅक्टरमागे किडे टिपणारा. एरवी पांढराशुभ्र असतो, पण विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी झाक येते. हा नारिंगी रंग आठवड्यागणिक किती गडद होतो ते फोटोंवरून मोजायचं, असं मी पहिल्या वर्षी ठरवलं. कॅमेरा ऑटोवर, फाइल जेपेग. फोटो दिसायला छान होते. आकडे काढले तेव्हा मात्र एकाच बगळ्याचे, दहा मिनिटांच्या अंतराने काढलेले तीन फोटो तीन वेगळे रंग सांगत होते. सरांनी एकच प्रश्न विचारला, "यातला पक्ष्याचा रंग कुठला आणि उन्हाचा कुठला, सांग बघू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर विणीचा हंगाम संपत आला होता. म्हणजे एक वर्ष गेलं.

तुमचं वर्ष वाचावं म्हणून हा लेख. यातला मुद्दा फक्त पक्षीवाल्यांसाठी नाही. फोटोतून रंग मोजणाऱ्या प्रत्येकाला, मग ते पान असो, माती असो की जेल, तो लागू होतो. पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत चूक लवकर उघडी पडते, एवढंच.

पांढरा म्हणजे नेमकं काय?

बगळ्याच्या पिसात पांढरं रंगद्रव्य नसतं. पिसातलं केराटिन आणि त्यातल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्या यांच्यामुळे सगळ्या तरंगलांबींचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरला जातो. मीठ किंवा साबणाचा फेस पांढरा दिसतो, त्याचंही कारण हेच. म्हणजे पांढरं पीस जो प्रकाश मिळेल तोच परत पाठवतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिवळसर, सावलीत निळ्या आकाशाच्या प्रकाशाने निळसर आणि भाताच्या खाचरात पोटाकडून हिरवट. एकाच बगळ्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळे प्रकाश असू शकतात. आपला मेंदू ही झाक वजा करून "पांढरा" असं सांगतो. सेन्सर वजा काही करत नाही.

कॅमेरा दोन ठिकाणी फसवतो

पहिलं ठिकाण एक्सपोजरचं. कॅमेऱ्याचा साधा मीटर धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं. पांढरं पीस याच्या चौपट प्रकाश परत पाठवू शकतं. फ्रेमभर बगळा असेल तर मीटर त्याला करड्यापर्यंत खाली ओढतो, आणि फोटो जवळजवळ दोन स्टॉप काळवंडतो. उलट, गडद झाडीसमोर छोटासा बगळा असेल तर मीटर झाडी उजळायला जातो आणि बगळा बर्न होतो. म्हणून "पांढऱ्या पक्ष्याला प्लस कॉम्पेन्सेशन द्या" हा सल्ला अर्धाच खरा आहे. प्लस की मायनस, हे पार्श्वभूमीवर ठरतं.

दुसरं ठिकाण व्हाइट बॅलन्सचं. ऑटोमध्ये कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी नवा अंदाज बांधतो. मागे हिरवं शेत आलं की एक अंदाज, पाणी आलं की दुसरा. माझ्या तीन फोटोंतले तीन रंग बहुतांशी यातूनच आले होते.

या दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त सोबत ठेवलेली नोंद असते, ती नंतर बदलता येते. बर्न झालेला पिक्सेल कशानेच परत येत नाही.

आकड्यांत बघू

समजा सेन्सरचा एक पिक्सेल जास्तीत जास्त १०० पर्यंत मोजू शकतो. संध्याकाळच्या उन्हात, बगळ्याच्याच जागी, १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड धरलं. त्याचे आकडे आले लाल २०, हिरवा १८, निळा १५. म्हणजे प्रकाश पिवळसर आहे.

बगळ्याच्या पंखाचे आकडे ८०, ७२, ६०. नुसते बघितले तर पंख पिवळा वाटतो. प्रत्येक आकड्याला कार्डाच्या त्याच रंगाच्या आकड्याने भागा: ४, ४, ४. गुणिले १८ टक्के, म्हणजे तिन्हीत ७२ टक्के. पंख स्वच्छ पांढरा निघाला. पिवळेपणा उन्हाचा होता.

आता मान: ८०, ६३, ४२. भागाकार ४, ३.५, २.८. परावर्तन ७२, ६३ आणि सुमारे ५० टक्के. इथे लाल जास्त आणि निळा कमी आहे. ही झाक मात्र पक्ष्याची स्वतःची. सरांच्या प्रश्नाचं उत्तर या एका भागाकारात होतं.

आता हाच फोटो दुप्पट एक्सपोजरने काढू. कार्ड ४०, ३६, ३० येईल, ते ठीक. मान यायला हवी १६०, १२६, ८४. पण पिक्सेल १०० ला थांबतो, म्हणून नोंद होते १००, १००, ८४. भागाकार करून परावर्तन येतं ४५, ५० आणि ५० टक्के. म्हणजे नारिंगी मान हिशोबात निळसर-हिरवट करडी ठरली! गणितात चूक नाही, कार्ड बरोबर आहे, तरी निष्कर्ष उलटा. आणि एक्सेलच्या रकान्यात हा आकडा बाकीच्या आकड्यांसारखाच निमूटपणे बसतो. तो खोटा आहे हे तिथे कुणालाच कळत नाही.

मग फील्डवर काय करायचं?

फाइल रॉच ठेवा. जेपेग बनवताना कॅमेरा कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा, सगळं स्वतःच्या पद्धतीने बदलतो. त्याचा उद्देश छान फोटो हा असतो, मोजमाप हा नाही.

मोड मॅन्युअल ठेवा. भर उन्हात सुरुवातीला 'सनी १६' चा नियम वापरा: एफ/१६ ला शटर १/आयएसओ. आयएसओ ४०० असेल तर एफ/८ ला १/१६०० सेकंद. पांढऱ्या पक्ष्यासाठी यातून एक स्टॉप कमी करा, म्हणजे १/३२००. मग हायलाइटची धोक्याची सूचना चालू करून एक फोटो काढा. पिसं लुकलुकली तर आणखी कमी करा. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगळा बघा. एकत्रित हिस्टोग्राममध्ये एकच रंग बर्न झालेला असेल तर तो लपतो. शिवाय हा हिस्टोग्राम जेपेगचा असतो, रॉचा नाही, म्हणून खरी तपासणी घरी रॉ उघडूनच करा.

ग्रे कार्ड बगळ्याशेजारी ठेवता येत नाही, हे उघड आहे. बगळा आपणहून उडाला की त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून कार्ड धरा आणि शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ न बदलता फोटो घ्या. मधे ढग आला तर ती जोडी बाद. आणि कार्डासाठी पक्ष्याला उडवायचं नाही, विणीच्या वसाहतीत शिरायचं तर मुळीच नाही. तिथे वसाहतीबाहेर, तेवढंच ऊन असलेल्या जागी कार्ड धरा आणि तसं नोंदवहीत लिहा.

कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद किंवा पांढरा शर्ट चालेल का? नाही. 'बगळ्याच्या पंखासारखं पांढरं' दिसावं म्हणून कागदात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात. ती अतिनील किरणं शोषून निळा प्रकाश सोडतात. असा कागद संदर्भ म्हणून वापरला तर तुमचे सगळे पक्षी विनाकारण पिवळे निघतील.

हंगामाआधी घरी एक चाचणी करा. स्थिर प्रकाशात कार्डाचे फोटो काढा, दर वेळी शटरचा वेळ दुप्पट करत. काळ्या पातळीचा आकडा वजा केल्यावर रॉमधला आकडाही दुप्पट व्हायला हवा. ज्या आकड्याला हे थांबतं, ती तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा. विश्लेषणात त्याच्या जवळ पोचलेला प्रत्येक पिक्सेल वगळा. इमेजजेमध्ये चालणारा मायका टूलबॉक्स हा संच अशा कामासाठीच बनवलेला आहे आणि मोफत मिळतो.

दावा किती करायचा?

एवढं सगळं केल्यावरही तुम्ही मोजता तो माणसाला दिसणाऱ्या पट्ट्यातला रंग. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंगांसाठी चार प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. आपला नेहमीचा कॅमेरा तो भाग गाळून टाकतो. त्यामुळे "मानेचा नारिंगीपणा वाढला" असं लिहा, "मादीला नर अधिक नारिंगी दिसला" असं लिहू नका. त्यासाठी वेगळी उपकरणं आणि वेगळं विश्लेषण लागतं.

पद्धतीच्या प्रकरणात कॅमेरा, लेन्स, सेटिंग, कार्डाचं परावर्तन, कार्ड कुठे आणि पक्ष्यानंतर किती वेळाने धरलं, किती फोटो बाद केले आणि का, हे सगळं लिहा. बाद केलेल्या फोटोंची संख्या लिहायला लाज वाटते, मलाही वाटली. पण परीक्षक नेमकं तेच विचारतात.

दुसऱ्या हंगामात माझे निम्म्याहून जास्त फोटो बाद झाले. उरलेल्या प्रत्येक फोटोबद्दल मात्र सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत होतं. कार्ड आजच बॅगेत टाका. हंगाम सुरू झाल्यावर आठवून उपयोग नाही.