नालीतलं पाणी आणि घरटॅक्सची पावती

बालमित्रांनो, आज आधी एक काम. आईबाबांना विचारून घरटॅक्सची पावती शोधून आणा. पुस्तकी भाषेत तिला मालमत्ता कराची पावती म्हणतात, पण आमच्या उमरेडला सगळे घरटॅक्सच म्हणतात. बहुतेक घरी ती कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, रेशनकार्ड, लाईट बिल आणि कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेसोबत. सापडली? मग समोर ठेवा. तिच्यावर चहाचा कप मात्र ठेवू नका बरं का!

मागच्या पावसाळ्यात माझ्या चौथीच्या वर्गाला मी हेच काम दिलं होतं. त्याला कारण झाली शाळेसमोरची नाली. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत जोराची सर आली आणि नाली तुंबली. पाणी रस्त्यावर आलं, रस्त्यावरून थेट शाळेच्या फाटकात. काळंकुट्ट पाणी! त्यावर चिप्सचे रिकामे पुडे तरंगत होते. एक मुलगा ओरडला, "मॅडम, हे पुडे तं आपल्याच शाळेतले हायेत!" खरंच होतं ते. कोपऱ्यावरच्या दुकानातून मधल्या सुट्टीत कोण चिप्स घेतं, हे मला सांगायला नको.

मग आम्ही एक प्रयोग केला. पुढच्या पावसात सर सुरू होताच पहिल्या पाच-दहा मिनिटांत नालीकडे वाहणारं रस्त्यावरचं पाणी एका काचेच्या बरणीत भरलं. तासाभरानं त्याच जागेवरचं पाणी दुसऱ्या बरणीत. पहिली बरणी चहासारखी, तळाशी बोटभर गाळ, वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. दुसरी पुष्कळच स्वच्छ. असं का? उन्हातान्हात रस्त्यावर काय काय साठतं ते आठवा. धूळ, शेण, गाड्यांतून गळलेलं ऑईल, टायरची झीज, खर्ऱ्याच्या पन्न्या. आमच्या गावाजवळ कोळशाची खाण आहे, त्यामुळे कोळशाची भुकटीही. पहिली सर म्हणजे गावाचा झाडूच. ती सगळं झाडते, पण कचरा टोपलीत भरत नाही, नालीत लोटते.

आणि नाली कुठे जाते? मोठ्या नाल्यात, नाला आमनदीत, आणि आमनदी पुढे अंभोऱ्याला वैनगंगेत. अंभोऱ्याचा पाच नद्यांचा संगम तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. तिथून पाणी गोसेखुर्द धरणात. वाटेत ते कुठेही गाळलं जात नाही. नळाचं पाणी शुद्ध होऊन येतं, शहरातलं सांडपाणी शुद्ध करायचे कारखाने असतात. नालीतलं पावसाचं पाणी मात्र जसं असेल तसं नदीत! शिवाय लहान गावांत मोरीचं पाणी आणि पावसाचं पाणी एकाच उघड्या नालीतून वाहतं, म्हणजे आणखी घाण.

मग नाली साफ करायची कुणी? कायदा सांगतो, नगरपरिषदेनं. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांसाठी १९६५ चा कायदा आहे. त्यात नाल्या बांधणं आणि साफ ठेवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. पण काम म्हटलं की मजुरी आली, जाळी, पाईप, गाळ वाहायला ट्रॅक्टर आला. पैसे? काही सरकारी अनुदानातून, काही आपल्या खिशातून. आता पावती उचला.

वर्गात आलेल्या पावत्या आम्ही ओळीनं मांडल्या. मालमत्ता कर, शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन... मुलं मोठ्यानं वाचत होती. पावसाच्या पाण्याचा रकाना एकाही पावतीवर नव्हता. नालीचा खर्च सगळ्या करांच्या एकत्र पैशातून निघतो. त्याच पैशातून दिवे, रस्ते, पगार. नालीची पाळी येईस्तोवर खिसा रिकामा होत असेल, असं मला वाटतं.

आता घराचा टॅक्स ठरतो कसा? पुष्कळ नगरपरिषदांत असा: तुमचं घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज काढतात. समजा १२,००० रुपये. दुरुस्तीसाठी त्यातून दहावा भाग वजा, राहिले १०,८००. याला करयोग्य मूल्य म्हणतात. या रकमेवर ठरलेल्या टक्क्यानं कर. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. यादी लोकांना पाहायला ठेवतात आणि ती चुकली असं वाटलं तर आक्षेप घेता येतो.

यात भाडं मोजलं, पाणी नाही. पाणी मोजणं तर फार सोपं! एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद स्लॅब म्हणजे ५० चौरस मीटर. त्यावर २० मिलिमीटरची सर आली तर १,००० लिटर, दोनशे लिटरचे पाच ड्रम! नागपूरकडे वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. करा गुणाकार. मातीच्या अंगणात यातलं बरंच पाणी मुरतं. (आपली काळी माती मोठी लहरी. उन्हाळ्यातल्या भेगांतून ती घटाघट पाणी पिते, पण एकदा फुगली की तीही पाणी सोडून देते.) सिमेंटच्या अंगणातून मात्र पहिल्या सरीपासून जवळपास सगळं नालीत.

आता एखादी मोठी जागा डोळ्यांसमोर आणा. पूर्ण सिमेंट केलेलं पटांगण, गाड्या उभ्या करायला, आणि कोपऱ्यात एक छोटीशी खोली. भाडं कमी, म्हणून टॅक्स कमी. पण नालीत पाणी किती सोडते ती जागा!

पाणी मोजून टॅक्स घेणारं गाव कुठे आहे का? आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस नावाचं मोठं शहर आहे, समुद्रकाठी. तिथेही पावसाचं पाणी रस्त्यांवरची घाण घेऊन न गाळता समुद्रात जातं. पाऊस पडून गेल्यावर तीन दिवस समुद्रात पोहू नका, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या जिल्ह्यातल्या लोकांनी चक्क मतदान करून स्वतःवर कर लावून घेतला. पाणी न मुरणाऱ्या प्रत्येक चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. १,००० चौरस फूट स्लॅब आणि फरशी असेल तर वर्षाला २५ डॉलर. हा कर घराच्या करासोबतच भरायचा. गरीब वृद्धांना सूट मागता येते, आणि जो आपलं पाणी आपल्याच आवारात अडवतो त्यालाही सवलत. हे पैसे दुसऱ्या कामाला वळवता येत नाहीत. पाणी मुरवणं, गाळणं, साठवणं, एवढ्यालाच. जर्मनीतही कित्येक गावं घराच्या छपराचं आणि फरशीचं क्षेत्रफळ पाहून पावसाच्या पाण्याचं वेगळं शुल्क घेतात.

हे सांगितलं आणि वर्गात भांडणच जुंपलं. एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी पूर्ण आंगन मातीचं हाये. मंग आमाले टॅक्स माफ होईन का?" त्याच्या घरी अजून कौलं आहेत, आजोबा पूर्वी हातमागावर धोतरं विणायचे. मी हो म्हणणार, तोच मागच्या बाकावरची मुलगी उठली. "माह्या बाबानं मागच्या साली आंगनात फरशी बसवली. आजी चिखलात घसरून पडली होती, तिचा हात मोडला. मंग आता आजीच्या पायी जास्त पैसे भराचे का?"

मी गप्प झाले. माझ्या स्वतःच्या अंगणात सिमेंट आहे, मुलांनो. पावसात स्कूटर फसू नये म्हणून मीच टाकून घेतलं. मला अजूनही वाटतं, क्षेत्रफळ पाहून लावलेला कर भाड्यावरच्या करापेक्षा न्यायाचा आहे. पण तो मोठ्या पटांगणांपासून सुरू व्हावा, आजीच्या फरशीपासून नाही. आणि फरशीचं पाणी नालीऐवजी झाडाच्या आळ्यात सोडलं तर सूट मिळावी. त्या मुलीच्या बाबांनी नंतर पाईपचं तोंड लिंबाच्या झाडाकडे वळवलं.

पैशाची ही गोष्ट काही लहान नाही. आपल्या नागपूरची नागनदी पाहा. तीही कन्हानमार्गे वैनगंगेतच येते, म्हणजे आपल्या आमनदीच्याच वाटेनं. ती स्वच्छ करायला २०२२ मध्ये सुमारे १,९२७ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, मुख्यतः सांडपाण्यासाठी. मोठा वाटा केंद्राचा, मग राज्याचा, आणि साधारण पंधरा टक्के महापालिकेचा. पंधरा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ते तीनशे कोटींच्या घरात जातात! आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तेव्हा नागनदीचं तेच पाणी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं. घरटॅक्स भरणारे आणि न भरणारे, दोघांच्याही.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर टेप घ्या. छप्पर, फरशी, सिमेंट यांची लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा आणि पावतीच्या मागे नाही, वेगळ्या कागदावर लिहा. शेजारच्या घराचंही मोजा, अर्थात विचारून. मग पुढच्या पावसात दोन बरण्या भरा. नालीत हात घालायचा नाही, लांब दांड्याचा मग वापरायचा, आणि नंतर साबणानं हात धुवायचे. बरण्यांवर वेळेची चिठ्ठी लावा. आमच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडल्या होत्या, पण पहिल्या सरीची बरणी कोणती, हे कुणालाच विचारावं लागलं नाही.