गच्चीला आधी विचारा

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात गाळ्यांच्या सपाट गच्च्यांवर आज पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं, मोबाइल टॉवर आणि सोलर पॅनल दाटीवाटीने उभे दिसतात. धंदा वाढला, खाली जागा उरली नाही की मालकाची नजर वर जाते. पण गच्ची मोकळी दिसली तरी तिच्या अंगावर ओझं असतंच. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातं. वरचा विटांचा कोबा आणखी दोनेकशे किलोंची भर घालतो.

यानंतर उरते ती खरी शिल्लक. भारतीय मानक ८७५ नुसार वापरातल्या सपाट छपरासाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो चल भार धरतात. आता दोन टनांचं चिलर घ्या. दोन बाय दीड मीटर जागेत ते बसलं, की चौरस मीटरला साडेसहाशे किलोंहून जास्त भार आला. तोही सगळीकडे सारखा पसरत नाही, चार पायांखाली एकवटतो. टाकीत दीड मीटर पाणी भरलं तर दीड हजार किलो, म्हणजे हिशेबाच्या दहापट!

सोलर पॅनल वजनाला हलके, पण वारा त्यांना खालून उचलतो. मुंबई परिसरासाठी रचनेत सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेग धरतात. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ इथे कुणी विसरलेलं नाही. पॅनल उडू नयेत म्हणून काँक्रीटचे ठोकळे ठेवले, तर वाचलेलं वजन परत आलंच.

२९ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या भिवंडीत, वलपाड्याला, खाली गोदाम आणि वर घरं असलेली इमारत कोसळून आठ जणांचा जीव गेला. तिच्या गच्चीवर मोबाइल टॉवर होता आणि त्याच्या भाराची तेव्हा बरीच चर्चा झाली. म्हणून यंत्राची ऑर्डर देण्याआधी संरचना अभियंत्याला बोलवा.

तो आधी स्लॅबच्या खालच्या बाजूला हातोडी मारून बघतो. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट घट्ट. बद्द आला तर आतून पोपडा सुटलाय. आपल्याकडे खारा वारा सळईपर्यंत पोचतो, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली; त्याआधीच्या कित्येक इमारतींचे नकाशेच हाती लागत नाहीत. मग यंत्राने सळया शोधायच्या, दोन-चार जागी काँक्रीट उघडून त्यांची जाडी मोजायची, कोअर काढून ताकद तपासायची. कॉलम आणि पायाही या हिशेबात धरायचा.

उपाय सरळ आहे : भार स्लॅबवर ठेवायचाच नाही, कॉलमवर न्यायचा. कॉलमच्या डोक्यावरचा कोबा फोडून जुन्या काँक्रीटमध्ये सळया बसवायच्या, फूटभर उंचीचे ठोकळे ओतायचे, त्यांवर लोखंडी आय बीम टाकायचे आणि यंत्र त्या सांगाड्यावर ठेवायचं. खालून पाणी वाहून जातं, दुरुस्तीला हात पोचतो. प्रत्येक ठोकळ्याभोवती वॉटरप्रूफिंग वर चढवून गोल वाटा घ्यायचा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथून गळती सुरू होते. थरथर खाली जाऊ नये म्हणून स्प्रिंग किंवा रबरी पॅड हवेत. कॉलमच अशक्त असेल तर पायापासून जॅकेटिंग, म्हणजे त्याच्याभोवती सळया आणि काँक्रीटचा नवा थर, करावं लागतं.

सगळ्यात धोक्याची वेळ यंत्र चढवण्याच्या दिवशी येते. क्रेन पोचत नाही म्हणून मजूर ते गच्चीच्या कडेला उतरवतात आणि पाइपांवरून ढकलत नेतात. तेवढा वेळ सगळा भार नेमका स्लॅबच्या मधोमध फिरत असतो. त्या वाटेचा हिशेबही आधीच करायला हवा. जमत नसेल तर मोठी क्रेन मागवावी.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार संरचना तपासणी बंधनकारक आहे. पण गच्चीवर नवं ओझं चढवताना इमारतीचं वय बघत बसू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, विरारच्या रमाबाई अपार्टमेंटने कोसळताना सतरा माणसं नेली. इमारत पडते म्हणजे काय होतं, हे या गावाला वेगळं सांगायला नको.

लिफ्टमध्ये किती माणसं चालतील, हे दारातच लिहिलेलं असतं. तशीच एक पाटी गच्चीच्या दारावर लावावी : इथे चौरस मीटरला इतके किलो, यंत्र फक्त सांगाड्यावर. पुढे गाळा विकला जाईल, मालक बदलेल, नवं यंत्र येईल. तेव्हा खाली काम करणाऱ्या माणसांच्या बाजूने बोलायला ती पाटी तिथे असेल.