बिनतारी संचाचा दुभाषी

पेडणे तालुक्यातील कोरगावच्या मुलाला दुभाष्याचे काम वेगळे शिकवावे लागत नाही. घरच्या बोलीत 'राव' म्हणजे थांब. मराठीच्या पुस्तकात ते मानाचे पद. उच्चार एक, अर्थ दोन. वाहनातील बिनतारी संचात वारंवारिता भरणारी केबल घरी तयार करताना हीच अडचण येते.

संगणकाच्या जुन्या सिरियल पोर्टची भाषा आरएस-२३२. तिच्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे '१' आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे '०'. अनेक संचांत मात्र ५ व्होल्ट म्हणजे '१' आणि शून्य व्होल्ट म्हणजे '०'. थेट जोडल्यास संच जळू शकतो. नुसता दाब उतरवल्यास अर्थ उलटा पोहोचतो. मॅक्स-२३२ ही चिप कपॅसिटरांच्या मदतीने दाब बदलते आणि अर्थही सुलटा करते. संदेशाला तारा तीन पुरतात: एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी नेणारी, दुसऱ्याचे पहिल्याच्या कानी आणणारी आणि दोघांची सामाईक. भरायच्या त्या मात्र परवान्यातल्याच वारंवारिता.

शब्दाला शब्द ठेवणारा अनुवादक नुसता दाब उतरवतो. अर्थ सुलटा पोहोचवणे, हे त्याचे खरे काम.