दारावरची पाटी, कपाटातलं सेवापुस्तक

नागपुरातल्या एका मोठ्या कार्यालयाच्या संगणक विभागात माझी नोकरी झाली. तिथं मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, ‘यातले आपले देशमुख कोणते?’ ई-मेल पाठवताना ‘देशमुख’ टाइप केलं, की नावांची यादी उघडायची. आमच्याकडे देशमुख आडनावाची माणसं चांगली सात. लेखा विभागाची टिपणी भांडारातल्या देशमुखांकडे जायची, आणि तेही सज्जनपणे ती ठेवून घ्यायचे!

ही यादी म्हणजे कार्यालयाची ई-मेल निर्देशिका. टेलिफोन डिरेक्टरीची ही नातच म्हणा ना. अशी यादी कशी ठेवावी आणि संगणकानं ती कशी विचारावी, याचे नियम १९८८ साली ‘एक्स.५००’ या नावानं ठरले. ते फार बोजड होते. म्हणून १९९३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात त्यांना पर्याय म्हणून एक हलकी पद्धत तयार झाली. तिचं नाव ‘एलडॅप’. आजही कितीतरी कार्यालयांच्या निर्देशिका हीच भाषा बोलतात.

निर्देशिकेत प्रत्येकाचं एक कार्ड असतं. नाव, हुद्दा, विभाग, दूरध्वनी हे रकाने तयारच मिळतात. पण प्रत्येक कार्यालयाची गरज निराळी. कुणाला कर्मचारी क्रमांक हवा, कुणाला इमारत आणि मजला. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ या प्रणालीत अशा जादा माहितीसाठी १५ रकाने मुळातच रिकामे ठेवलेले आहेत. तेवढ्यानं भागलं नाही, तर नवा रकाना बांधता येतो. मात्र तिथं एक मेख आहे. तिच्याच ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’त एकदा बांधलेला रकाना बंद करता येतो, पण मुळातून काढून टाकता येत नाही.

आमची फसगत झाली ती वेगळ्याच जागी. एका बैठकीत ठरलं, की अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा फोन निर्देशिकेत घालावा. हेतू चांगलाच होता. मी दोन रिकामे रकाने घेतले आणि आस्थापना विभागाच्या यादीवरून ते भरून टाकले. ई-मेलच्या खिडकीत ते दिसत नव्हते. मला वाटलं, माहिती झाकलेलीच आहे.

तिसऱ्या आठवड्यात एक सहकारी भगिनी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. रात्री अकरानंतर त्यांच्या घरी फोन येऊ लागले होते, आणि करणारा कार्यालयातलाच होता. त्या एवढंच म्हणाल्या, ‘सर, हा नंबर मी फक्त आस्थापनेला दिला होता.’

मी तपासून पाहिलं. खिडकीत न दिसणारा तो रकाना, निर्देशिकेला थेट विचारलं तर कुणालाही वाचता येत होता. मुळातली व्यवस्थाच तशी असते. कार्यालयाच्या संगणकावर रीतसर प्रवेश केलेल्या प्रत्येकाला बहुतेक रकाने वाचता येतात. नव्यानं बांधलेल्या रकान्यावर ‘गोपनीय’ अशी खूण करता येते. पण ती आठवणीनं करावी लागते. न दिसणं वेगळं आणि झाकलेलं असणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही रकाने मी लगेच रिकामे केले. पण ज्यानं नंबर उतरवून घेतला, त्याच्या वहीतून तो मी कसा पुसणार? त्या माणसाला वरिष्ठांनी समज दिली. घरचा नंबर मात्र त्या बाईंनाच बदलावा लागला.

आपल्या कार्यालयांत ही समज जुनीच आहे. साहेबांचं नाव आणि हुद्दा दारावरच्या पाटीवर असतो. जन्मतारीख, रजा, वेतनवाढ सेवापुस्तकात असते, आणि ते आस्थापनेच्या कपाटात राहतं. ई-मेल निर्देशिका ही दारावरची पाटी आहे. आम्ही तिच्यावर कपाटातला मजकूर लिहिला.

त्यानंतर मी नवा रकाना उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारू लागलो. भरणार कोण? वाचणार कोण? पुसणार कोण? भरायचं काम आस्थापनेचं, कारण बदलीचा आदेश सर्वांत आधी तिथं पोचतो. वाचणाऱ्यांची यादी लेखी हवी. आणि तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. १९५३ च्या नागपूर करारातल्या तरतुदीमुळं विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरतं. हिवाळ्यात मुंबईचे अधिकारी येतात, त्यांची खोली आणि फोन काही दिवसांपुरता बदलतो. अधिवेशन संपतं, साहेब परततात, आणि इथला नंबर निर्देशिकेत राहिला तर उन्हाळ्यातही रिकाम्या खोलीत घंटी वाजत राहते. अशी माहिती भरतानाच ती पुसायची तारीख लिहून ठेवावी.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ साली संसदेनं वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ज्याची माहिती आहे, त्याला आधी विचारावं, एवढं तर आपण कधीही करू शकतो.

आणि देशमुखांचं काय झालं? यादीत प्रत्येकाच्या नावापुढं विभाग आणि मजला लिहिला. सातही देशमुख वेगळे झाले. तेवढंच हवं होतं.